रुग्णवृत्ताची परीक्षा

सरकारी नोकरीत वीसएक वर्षे काढलेल्या माणसाला कागद वाचण्याची एक खोड लागते. कागद कशाचाही असो, त्याची नजर प्रथम शेवटच्या ओळीकडे जाते. सही कोणाची आहे, तिच्याखाली तारीख आहे की नाही, हे तो आधी पाहतो आणि मजकुराकडे मागाहून वळतो. ही खोड घेऊन मी एका रात्री भिलाईच्या एका रुग्णालयात, एका खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो. आजच्या भाषणाचा विषय मला तेथे सापडला.

भिलाई हे नाव माझ्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना पोलादाच्या कारखान्यामुळे ठाऊक असेल. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीत वसलेल्या एका खेड्याचे बघता बघता नगर झाले. देशातल्या यच्चयावत प्रांतांची माणसे तेथे शेजारी शेजारी राहू लागली. त्यांत मराठी माणूस अर्थातच आहे, पण तो केवळ कारखान्यामुळे आला असे नव्हे. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्याच्याही मागे गेले तर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तथापि कारखान्याची वसाहत ओलांडून पाचसहा कोस गेले की छत्तीसगढी बोलणारा शेतकरी भेटतो. त्याच्या घरात कोणी आजारी पडले, की तो भिलाईच्या किंवा रायपूरच्या रुग्णालयाची वाट धरतो. तेथे त्याची गाठ पडते ती बहुधा दुसऱ्याच मुलखातून शिकायला आलेल्या, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या, वैद्यकाच्या विद्यार्थ्याशी.

माझ्या कचेरीतल्या एका शिपायाचा लहान मुलगा दोन्ही पाय दुखतात म्हणून दाखल झाला होता. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे प्रसंग कोणत्याही मोठ्या रुग्णालयात घडू शकतात. रात्री एक विद्यार्थी मुलाला पाहून गेला आणि जाताना आपली वही स्टुलावर विसरला. बापाला इंग्रजी येत नव्हते. “साहेब, का लिखे हे?” असे त्याने विचारले, म्हणून मी वही उघडली. अक्षर सुवाच्य होते. मथळे जेथल्या तेथे होते: मुख्य तक्रार, सध्याच्या दुखण्याचे वृत्त, पूर्वीची दुखणी, कुटुंबाचे वृत्त, आहार, लसी, तपासणी, अनुमान. मुख्य तक्रारीखाली चार दिवस पायांत वेदना व दोन दिवस ताप अशी नोंद होती. पूर्वीची दुखणी: विशेष काही नाही. कुटुंबाचे वृत्त: विशेष काही नाही. पानाच्या तळाशी शिक्षकाची सही, तारीख आणि ‘उत्तम’ असा शेरा होता.

मी हे सर्व बापाला समजावून सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की या पोराची थोरली बहीण अशीच हातपाय दुखून दुखून पाचव्या वर्षी गेली. पण ते आपल्याला कोणी विचारलेच नाही.

सकाळी राउंडला एक वयस्क डॉक्टरबाई आल्या. रात्रीची हकीकत मी त्यांच्या कानावर घालण्यापूर्वीच त्यांनी मुलाची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्याच्या आईला शेजारी बसवून छत्तीसगढीतून चार प्रश्न विचारले. दर पावसाळ्यात याचे हातपाय दुखतात का? तान्हा असताना याच्या हातापायांना सूज आली होती का? डोळे कधी पिवळे झाले होते का? घरात आणखी कोणाला असे झाले होते का? चारही प्रश्नांना होकार आला. त्यांनी रक्ताची तपासणी सांगितली, आणि दुखणे सिकलसेलचे निघाले.

त्या वहीवरचा ‘उत्तम’ हा शेरा काही केल्या माझ्या मनातून जाईना. विद्यार्थ्यावर किंवा त्याच्या शिक्षकावर ठपका ठेवण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः शेकडो नस्त्यांवर, आतला कागद न वाचता, ‘पाहिले’ असे लिहून सही केली आहे. परंतु प्रश्न उरतोच. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने लिहिलेले रुग्णवृत्त चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावरून? मी वैद्य नव्हे. एम.ए.ला माझा विषय इतिहास होता, म्हणून मी या प्रश्नाचा माग इतिहासात काढू लागलो.

रोग्याला विचारावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुताने रोग जाणण्याचे सहा उपाय सांगितले आहेत. पाच म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये, आणि सहावा प्रश्न. ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या, साथीच्या रोगांवरील ग्रंथाच्या पहिल्या व तिसऱ्या भागांत ४२ रोग्यांची दिवसवार हकीकत आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक रोगी दगावले, आणि लिहिणाऱ्याने ते झाकून ठेवलेले नाही. मात्र शिकणाऱ्याने रोग्याचे वृत्त लिहावे आणि शिकविणाऱ्याने ते तपासावे, हा शिक्षणाचा नियमच होऊन बसणे ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. पश्चिम हिंदुस्थानात या नियमाची मुळे शोधू गेल्यास आपण मुंबईस, भायखळ्याला, येऊन पोहोचतो.

मुंबईत देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची एक शाळा १८२६ मध्ये निघाली होती, पण ती १८३२ मध्ये सरकारने बंद केली. पुढे सर रॉबर्ट ग्रँट हे गव्हर्नर असताना नव्या कॉलेजचा विचार झाला. ग्रँट १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीस वारले, आणि त्यांच्या स्मारकासाठी जमलेल्या निधीतून व सरकारी मदतीतून ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय झाले. दोन्ही संस्था १८४५ साली सुरू झाल्या. दोहोंची शेजारशेजारची जागा हा योगायोग नव्हता. पुस्तकातून शिकायचे आणि खाटेपाशी पडताळायचे, ही योजना तीत होती; आणि ती ज्यांच्या डोक्यातली, ते डॉ. चार्ल्स मोरहेड हे कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल व रुग्णालयाचे पहिले वैद्य होते.

मोरहेड यांचा जन्म १८०७ मध्ये एडिंबरोस झाला. तेथली पदवी घेऊन ते पॅरिसला गेले आणि प्येर लुई या वैद्याच्या हाताखाली शिकले. हा लुई मोठा चमत्कारिक मनुष्य. त्या काळी न्यूमोनियाच्या रोग्याचे रक्त काढणे हा सर्वमान्य उपचार होता, आणि तो का करावा याच्या उपपत्ती विद्वानांना तोंडपाठ होत्या. लुईने उपपत्ती बाजूला ठेवल्या. रोगी कोणत्या दिवशी आला, रक्त कधी काढले, दुखणे किती दिवस चालले आणि शेवट काय झाला, एवढे त्याने लिहून ठेवले. न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांची अशी वृत्ते त्याने एकमेकांशेजारी मांडली, आणि रक्त काढण्याचा उपयोग लोक समजतात त्याच्या मानाने फारच थोडा आहे, असे १८३५ मध्ये पुस्तकरूपाने जाहीर केले. एखाद्या वृत्तात तारीख चुकली असती, किंवा न विचारताच ‘नाही’ असे लिहिले गेले असते, तर ही सारी बेरीज फुकट गेली असती. खाटेजवळच्या नोंदीला पुराव्याचे मोल येते ते येथे.

ही शिस्त घेऊन मोरहेड १८२९ मध्ये मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरीत दाखल झाले. कॉलेज निघाल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या कामालाच जुंपले. कोणी जखमा बांधाव्या, कोणी रोग्याचे वृत्त लिहावे, असा तो क्रम होता. १८५६ साली त्यांचा हिंदुस्थानातील रोगांवरील दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ताप, पटकी, हगवण, यकृताची सूज असे एकेक प्रकरण घेतले आहे आणि त्यात रोग्यांमागून रोग्यांची वृत्ते दिली आहेत. वय, धंदा, अंगकाठी, दाखल होण्यापूर्वी किती दिवस दुखणे होते, काय दिले, शेवट काय झाला, आणि रोगी दगावला असल्यास शवविच्छेदनात काय आढळले, हे सगळे त्यात येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पाने वाचताना एक वेगळाच अनुभव येतो. मुंबईतल्या ज्या मजुरांची, खलाशांची आणि नोकरांची नावनिशाणी दुसऱ्या कोणत्याही दप्तरात राहिली नाही, त्यांच्या आयुष्याचे अखेरचे आठ-दहा दिवस येथे तारीखवार टिकून आहेत.

येथे मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तेव्हा बखरींवर किती विसंबावे हा प्रश्न त्यांनी महाराष्ट्रापुढे रोखठोक मांडला. बखर पुष्कळदा घटनेनंतर लिहिलेली असते. तिच्यात कथेचा ओघ असतो, कारण लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. घटनेच्या दिवशी, घटनेच्या ठिकाणाहून धाडलेले पत्र ओबडधोबड असेल, पण ते अस्सल असते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही हा भेद दिसतो असे मला वाटते. काही वृत्ते खाटेपाशी लिहिलेली असतात. त्यांत खाडाखोड असते आणि रोग्याने आधी सांगितलेले व मागून फिरविलेले अशी दोन्ही विधाने असतात. काही वृत्ते मात्र वसतिगृहात, निदान कळल्यावर, मागील वर्षाच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून लिहिलेली असतात. ती सुबक असतात, कारण ती बखर असते. केवळ पानाकडे पाहून गुण द्यायचे ठरविले, तर बखर दर वेळी पहिली येणार.

ग्रँट कॉलेजातून १८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले आत्माराम पांडुरंग होते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळविलेले डॉ. लिस्बोआ होते. भाऊ दाजींची कीर्ती पुढे दोन क्षेत्रांत झाली. ते मुंबईचे नामांकित डॉक्टर झाले, आणि गिरनार व अजिंठा येथल्या शिलालेखांचे वाचन करून त्यांनी प्राचीन इतिहासाच्या अभ्यासाला मोठी चालना दिली. ही दोन कामे आपण सहसा वेगळी समजतो. मला मात्र ती एकाच सवयीची वाटतात. झिजलेल्या दगडावर जे अक्षर दिसते तेवढेच नोंदवायचे, जे तर्काने भरले ते तर्क म्हणून वेगळे दाखवायचे, आणि जे फुटले आहे तेथे जागा मोकळी सोडायची. वृत्त लिहिणाऱ्याकडूनही दुसरे काय हवे असते? ‘विचारले, नाही म्हणाला’ आणि ‘विचारले नाही’ या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ‘विशेष काही नाही’ या तीन शब्दांत ते पार बुजून जाते.

परंतु भाऊ दाजींच्या पिढीपुढे आणखी एक अडचण होती, आणि ती आजही सुटलेली नाही. भायखळ्याच्या खाटेवरचा रोगी मराठीत, गुजरातीत किंवा हिंदुस्थानीत बोलत असे. विद्यार्थी ते इंग्रजीत लिहीत असे. कॉलेजने १८६१ मध्ये मराठी व गुजराती भाषांतून शिकविण्याचे वर्ग काढले, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले. तथापि मोठ्या पदवीची भाषा इंग्रजीच राहिली. याचा परिणाम काय होतो, ते पाहायचे तर दुखण्यासाठी आपल्या घरांत बोलले जाणारे शब्द आठवावे. ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक क्षणात येऊन जाते, मुरडा पिळून सोडतो, सल आत कोठेतरी टोचत राहतो. फार चालले म्हणजे पायांना रग लागते, दाह होतो तेथे आग होते, आणि बरी होत आलेली जखम हुळहुळते. घेरी, भोवळ आणि ग्लानी यांतला फरक आपल्या आजीला डॉक्टरापेक्षा चांगला कळत असे. यांतला प्रत्येक शब्द निदानाच्या वाटेवरची एक खूण आहे. विद्यार्थ्याच्या वहीत या साऱ्यांचे मिळून एकच ‘पेन’ होते. इंग्रजी भाषा दरिद्री आहे असे मला म्हणायचे नाही. तिच्यातही या छटांना शब्द आहेत. पण विसाव्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसतात, आणि रोग्याचा मूळ शब्द लिहिण्याची त्याला लाज वाटते. मुख्य तक्रार रोग्याच्याच शब्दांत लिहावी, असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्पिढ्या बजावीत आली आहेत. ते शब्द कोणत्या भाषेतले, याविषयी मात्र ती मौन पाळतात.

छत्तीसगडच्या ज्या दुखण्यापासून मी सुरुवात केली, त्याच्या शोधाची कथा या विषयाशी फार जवळून जुळते. १९०४ सालच्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा वीस वर्षांचा कृष्णवर्णी तरुण दाखल झाला. त्याला प्रथम तपासले ते अर्नेस्ट आयरन्स या इंटर्नने. आयरन्सने त्याचे वृत्त घेतले, त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि तांबड्या पेशी लांबट व चमत्कारिक आकाराच्या दिसतात हे नोंदवून ठेवले. या आकाराचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता; तो तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी ती नोंद किरकोळ म्हणून बाजूला टाकली नाही. दोघांनी रोग्याचा पुढे अडीच वर्षे माग ठेवला, आणि १९१० मध्ये हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींविषयीचा तो प्रसिद्ध निबंध छापला. एका शिकाऊ डॉक्टराची नोंद आणि ती वाचणारा एक वरिष्ठ, यांच्यावाचून तो निबंध झाला नसता.

आपल्या भागात या रोगाची ओळख पटण्यास पुढे बराच काळ गेला. नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर विदर्भ व छत्तीसगड या दोन्ही मुलखांत हा रोग किती पसरला आहे, हे हळूहळू उघड झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. दोन्ही आईबापांकडून दोष आला तरच हा रोग पूर्ण स्वरूपात प्रकटतो. अशी मुले थंडीपावसात, अंगातले पाणी कमी झाले असता, हाडांच्या वेदनांनी तळमळतात. अशा प्रदेशात कुटुंबाच्या वृत्तापुढे काय लिहिले जाते, हा केवळ पाच गुणांचा प्रश्न राहत नाही.

आता परीक्षेकडे वळू. आपल्या विद्यापीठांत अंतिम परीक्षेला ‘लाँग केस’ म्हणून एक प्रकार असतो. विद्यार्थ्याला एक रोगी नेमून देतात. ठराविक वेळात त्याने वृत्त घ्यायचे, तपासायचे व लिहायचे. मग परीक्षक येतात आणि प्रश्न विचारतात. पद्धत थोर आहे, पण तिच्यात दोन भोके आहेत. एक म्हणजे विद्यार्थी रोग्याशी बोलत असताना परीक्षक सहसा तेथे नसतात. दुसरे म्हणजे रोगी एकच, आणि तो नशिबाने मिळतो. कोणत्या खाटेवर कोण आहे, याची बातमी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीच वसतिगृहात पोहोचते. वारंवार परीक्षेला बसविलेले काही जुने रोगी तर इतके तयार झालेले असतात, की विद्यार्थी गोंधळला की तेच त्याला निदान सांगतात. त्यांची मला फार गंमत वाटते.

यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील डंडीचे डॉ. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या ठाण्यांवर छोटीछोटी कामे करवून, ठरलेल्या यादीप्रमाणे गुण देण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत तर २००४ पासून, डॉक्टरीच्या परवान्यासाठी, रोग्याची भूमिका शिकविलेल्या माणसांना घेऊन परीक्षा होऊ लागली. बारा ‘रोगी’, प्रत्येकास पंधरा मिनिटे, आणि नंतर वृत्त लिहिण्यास दहा मिनिटे. तिच्यात एक गोष्ट खरोखर मोलाची होती. भूमिका करणाऱ्याची हकीकत परीक्षकांनीच रचलेली असल्यामुळे विद्यार्थ्याने लिहिलेले वृत्त मूळ हकीकतीशी ताडून पाहता येत असे. आमच्या भाषेत सांगायचे तर नकलेशेजारी अस्सल ठेवता येत असे. करोनाच्या साथीत २०२० मध्ये ती थांबविण्यात आली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली. परंतु रचलेल्या रोग्याला थोरली बहीण असते ती लिहिणाऱ्याने दिली तरच. अनपेक्षित असे त्याच्यापाशी काही नसते.

या सर्वांत मला सर्वांत पटलेला माणूस म्हणजे अमेरिकेचे डॉ. लॉरेन्स वीड. ते मुळात प्रयोगशाळेत रमलेले. प्रयोगाची वही तेथे ज्या कडकपणे लिहितात, तो कडकपणा रुग्णालयाच्या कागदांत कोठेच नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९६८ मध्ये त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला. रोग्याच्या अडचणींची क्रमवार यादी करावी, आणि दररोजची नोंद प्रत्येक अडचणीपुढे चार भागांत लिहावी: रोगी काय म्हणतो, मला काय आढळले, माझे मत काय, आणि पुढे काय करणार. आज जगभर विद्यार्थी ही चौकट गिरवितात. पण वीड यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरले. विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका, त्याच्या कामाच्या कागदांची तपासणी करा, असे ते म्हणत. आणि तपासणी चार अंगांनी व्हावी असा त्यांचा आग्रह होता. काम कसून केले आहे का, ते विश्वासार्ह आहे का, त्यातला विचार सुसंगत आहे का, आणि ते वेळेत उरकले आहे का? यांपैकी तिसरे अंग खोलीत बसून तपासता येते. दुसऱ्यासाठी, म्हणजे विश्वासार्हतेसाठी, तपासणाऱ्याला खुर्चीवरून उठून रोग्याकडे जावेच लागते.

आपल्या देशात २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात विद्यार्थ्याने रोग्याच्या दाखल्यापासून त्याच्या सोबत राहावे, वृत्त घ्यावे आणि लॉगबुक ठेवावे, अशी योजना आहे. ही मोरहेड यांचीच वाट पुन्हा नव्याने आखली गेली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. परंतु लॉगबुक आले की सह्या आल्या. सह्यांचे काय होते, हे मला कोणी सांगायला नको. ज्या शिक्षकाने एका आठवड्यात ओपीडी सांभाळून, शस्त्रक्रिया करून, शंभर-दीडशे वह्यांवर सह्या करायच्या, तो खाटेपर्यंत जाणार केव्हा? माझ्या मते सगळ्या वह्या वाचूच नयेत. कचेरीच्या तपासणीत आम्ही सर्व नस्त्या उघडीत नाही. चार उचलतो, पण त्या मुळापर्यंत पाहतो. शिक्षकाने महिन्यातून प्रत्येक विद्यार्थ्याची एकच वही उचलावी, विद्यार्थ्याला घेऊन त्या खाटेपाशी जावे, आणि लिहिलेले रोग्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. ‘असेच आहे ना?’ एवढे विचारावे. रोगी किंवा त्याचे माणूस जेथे थांबवील, तेथे गुण कमी करावे. या पद्धतीला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, आणि तिच्यावर पहिली हरकत वित्त विभाग घेईल हेही ठाऊक आहे.

शिवाय रुग्णवृत्त आता केवळ शिक्षकासाठी राहिलेले नाही. डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवावे लागतात आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचण्याचा हक्क मिळाला. पण तो ते वाचणार कोणत्या भाषेत? मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके निघाली, आणि २०२४ मध्ये छत्तीसगड सरकारनेही हिंदीतून हे शिक्षण देण्याचे जाहीर केले. त्यावर पुष्कळ वाद झाला. पाठ्यपुस्तके कोणत्या भाषेत असावी, याविषयी मी मत देणार नाही. ते तज्ज्ञांचे काम. पण वृत्तातली पहिली ओळ, रोग्याच्या तोंडची, रोग्याच्या बोलीत आणि देवनागरीत लिहिली तर कोणत्या शास्त्राचे काय बिघडेल, ते मला अद्याप कळलेले नाही.

भिलाईचा तो मुलगा आठवड्याने घरी गेला. औषध चालू आहे, आणि पावसात भिजायचे नाही व पाणी भरपूर प्यायचे, अशी ताकीद आहे. तो घरी जाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो विद्यार्थी परत आला होता. स्टूल ओढून तो आईजवळ बसला, आणि मोडक्यातोडक्या बोलीत त्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारले. ‘विशेष काही नाही’ या दोन्ही ओळी त्याने खोडल्या. आई म्हणाली, “हाड़ा-हाड़ा पिराथे.” ते कसे लिहायचे, असे त्याने मला विचारले, आणि मी त्याच्या वहीत ते देवनागरीत लिहून दिले. मग त्याने पेन हातात धरून, याला इंग्रजीत नेमका शब्द काय, असेही विचारले. मला तो सुचला नाही. त्याने शेजारची जागा मोकळी ठेवली आणि खाली तारीख घातली.